फाईल कोणी उघडली, त्याचीही नोंद हवी



बंदी लागायच्या आधी एक बोटमालक सोसायटीत आले. म्हणाले, "कर्जाचे दोन हप्ते थकलेत हे मला ठाऊक आणि तुमच्या ऑफिसला ठाऊक. मग जेटीवरच्या व्यापाऱ्याला कसं कळलं? मी अडचणीत आहे बघून त्याने माझ्या मासळीचा दर पाडला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बातमी ऑफिसातूनच फुटली असं मी म्हणत नाही. पण फुटली नाही, असंही छातीठोक सांगता येत नाही. कारण आम्ही तिघं एकाच पासवर्डने कॉम्प्युटर वापरतो आणि तो पासवर्ड स्क्रीनला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे. यात चूक माझीही आहे.

सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं. आकडा बदलला तर कोणी बदलला ते दिसतं. नुसतं उघडून बघितलं तर काहीच उरत नाही, ती नोंद वेगळी चालू करावी लागते. पैसे गेले तर गल्ला कमी भरतो. माहिती गेली तर काहीच कमी होत नाही, म्हणून कळतच नाही. आणि आपल्याकडे काय नाही? आधार, बँक खातं, कर्ज, डिझेलचा हिशोब, खलाशांची नावं.

माझं मत असं: प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. कोणी, कधी, कोणाचं खातं उघडलं याची नोंद आपोआप व्हावी. ती पुसायचा अधिकार सेक्रेटरीलाही नको. दर महिन्याला कमिटीच्या दोघांनी त्यातल्या दहा-पंधरा नोंदी काढून विचारावं, हे खातं कशासाठी उघडलं? नुसती नोंद ठेवून कोणी वाचलीच नाही तर उपयोग शून्य.

"आमच्यावर विश्वास नाही का?" असं ऑफिसात विचारलं गेलं. अहो, कॅश रोज मोजतो म्हणून कॅशियर चोर ठरतो का? उलट आज तिघांवरही संशय आहे. नोंद असती तर निर्दोष माणूस लगेच मोकळा झाला असता.

केंद्राच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याखाली २०२५ मध्ये नियम आले. माहिती कोण बघतो यावर लक्ष ठेवा आणि त्या नोंदी एक वर्ष जपा, असं त्यांत आहे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे, पण आपण कशाला थांबायचं?

३१ जुलैपर्यंत बोटी बांधलेल्या आहेत, सगळे घरी आहात. येत्या मीटिंगला हा विषय मांडतोय. या आणि बोला. माहिती तुमची आहे, ऑफिसची नव्हे.

– सेक्रेटरी