लेकराचा रोज कोण भरतो?

हळदीच्या खुरपणीचे दिवस. सेनगावकडच्या एका वस्तीवर सभेचं सांगायला गेलो तर वस्तीत बाया नाहीत. म्हातारे, कुत्रे अन् आठ-दहा वर्षांच्या पोरी. प्रत्येकीच्या कडेवर एक लेकरू. शाळेचा वार होता.

एकीला विचारलं, कितवीत गं?

"नाव हाय पटावर."

आपल्या वस्तीत पाळणाघर नाही असं कोण म्हणतं? आहे. त्या पोरीच्या कमरेवर आहे.

दोस्तांनो, हिशोब मांडू. समजा बाईचा रोज ३०० रुपये. चौघींनी मिळून पाचवीला लेकरं सांभाळायला ठेवली तर तिचाही रोज निघाला पाहिजे. म्हणजे प्रत्येकीचे ७५ गेले. लेकरं दोन असली तर कुठून द्यायचे? बाई मग थोरलीला घरी ठेवते. थोरलीला रोज द्यावा लागत नाही. तिच्यापुढं कुठलंही पाळणाघर महागच. शिकलेले म्हणतात, खेड्यात मागणी नाही. मागणी आहे हो, रोज पुरत नाही.

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव पुकारतात. बेणं, खत, शिजवणी, पॉलिश, सगळा खर्च शेतकरी त्यात मोजतो. धुऱ्यावरच्या झोळीतलं लेकरू कुणी मोजत नाही. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात लिहिलं होतं की कामावर पाच लहान लेकरं आली तर एका बाईनं ती सांभाळायची अन् तिलाही रोज मिळायचा. म्हणजे लेकरू सांभाळणं हे माती उचलण्याइतकंच काम, हे दिल्लीनं कागदावर तरी कबूल केलं. पण मालकाच्या वावरात तो कायदा कुठला?

साहेब म्हणतात, अंगणवाडी आहे ना. आहे, १९७५ पासून आहे. काही तासांची. बाई परतते दिवस बुडताना. अन् तीन वर्षांखालच्या लेकराला तिथं बसायला जागा नाही, घरी न्यायला पाकीट आहे. पाकीट काय लेकरू सांभाळतं? सेविकेला तर पगारसुद्धा नाही, मानधन! २०२३ च्या डिसेंबरात त्या संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्या मंडपात बसले?

संविधानाचं ४५ वं कलम काढून वाचा. मूळ कलमात चौदा वर्षांपर्यंतची सगळी मुलं होती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं सहा ते चौदाला मूलभूत हक्क दिला अन् सहाच्या आतल्यांना 'राज्य प्रयत्न करील' यावर सोडलं. आपण गप्प. १९२८ साली बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात कामगार बाईच्या बाळंतपणाच्या रजेसाठी उभे राहिले, अन् त्याचा भार बराचसा सरकारनं उचलावा असं तिथंच बोलले. ही मागणी पुढं न्यायचं काम आपलं होतं.

आता आपल्याच घरातलं. १४ एप्रिलचं पावतीपुस्तक मी काढलं अन् डीजेच्या एका रात्रीला बाईच्या रोजानं भागलं. पुरे चार महिने निघाले. मंडळात बोललो. एक कार्यकर्ता म्हणाला, हा बायकांचा प्रश्न, महिला शिबिरात घ्या.

चहा घेऊन त्याचीच बायको आली. एका हातात ताट, कडेवर लेकरू. त्यानं कप उचलला.