काटा कुणाचा, माल कुणाचा?

स्पष्ट बोलतो. काही मित्रांना राग येईल. येऊ द्या.

दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीन मोंढ्यात जातं आणि त्याच पंधरवड्यात आपल्याकडच्या मोबाईलच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. कुणी पोराच्या कॉलेजसाठी घेतं, कुणी हप्त्यावर घेतं, कुणी आडतीवरून आलेल्या पट्टीतूनच पैसे मोजतं. पंधरा-अठरा हजारांचा मोबाईल ही आपल्या भागात मोठी खरेदी आहे. दुकानात जायच्या आधी प्रत्येक जण तीन-चार मराठी व्हिडिओ बघून जातो. दुकानदारावर विश्वास नाही, कारण त्याला विकायचंय. व्हिडिओवाल्यावर आहे, कारण "तो आपल्यासारखाच बोलतो, त्याला काय मिळणार?"

त्याला काय मिळतं, हाच आजचा विषय.

कंपनीकडून मोबाईल फुकट येतो, बहुतेक वेळा बाजारात यायच्या आधी. कधी व्हिडिओचे पैसे मिळतात. कधी विमानाचं तिकीट, हॉटेल आणि लॉन्चच्या कार्यक्रमात पुढची खुर्ची मिळते. शिवाय व्हिडिओखाली खरेदीची लिंक असते. तुम्ही तिच्यावरून घेतलं की त्याला कमिशन. आता सांगा, "हा मोबाईल घेऊ नका, जुनाच अजून वर्षभर वापरा" असं म्हणून त्या लिंकवर किती कमिशन येणार? शून्य. लिंक लावलेले सगळे खोटं बोलतात, असं मी म्हणत नाही. पण खरं बोलण्याचा तोटा आणि गोड बोलण्याचा फायदा जिथं आधीच ठरलेला आहे, तिथं बघणाऱ्याला ते माहीत असायला नको का?

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं : "पैसे घेतले तरी मत माझंच आहे." अगदी प्रामाणिक माणूसही हे म्हणतो आणि त्याला ते मनापासून खरं वाटत असतं. पण कंपनीला तुमच्याकडून खोटं वदवून घ्यायची गरजच नसते. तापण्याचा विषय शेवटच्या मिनिटात आला, सर्व्हिस सेंटरचा आलाच नाही, तुलना सोयीच्या मोबाईलशी झाली, एवढ्यात तिचं काम होतं. वाक्य एकही खोटं नाही आणि रिव्ह्यू मात्र जाहिरात झालेला असतो.

आणि दबाव येतो कसा, तेही समजून घ्या. पहिल्या दिवशी ज्याचा व्हिडिओ येतो, त्यालाच व्ह्यूज मिळतात. पहिल्या दिवशी व्हिडिओ टाकायचा तर मोबाईल आठवडाभर आधी हातात हवा. तो फक्त कंपनीच देऊ शकते. म्हणजे धमकी द्यायची गरज नाही, पुढच्या वेळी यादीतून नाव गाळलं की झालं. हे मी अंदाजानं बोलत नाही. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियानं ऑस्ट्रेलियातल्या हार्डवेअर अनबॉक्स्ड या चॅनलला मेल करून कळवलं की आता तुम्हाला आमची ग्राफिक्स कार्डं रिव्ह्यूसाठी मिळणार नाहीत. कारण? कंपनीला मिरवायचं होतं ते रे ट्रेसिंगचं तंत्र, आणि हे चॅनल साध्या गेमिंगच्या वेगावर जास्त भर देत होतं. तुमचं संपादकीय धोरण बदललं तर पुन्हा विचार करू, असंही त्यात होतं. जगभरातले रिव्ह्यूवाले एकदम उसळले आणि काही दिवसांतच कंपनीला माफी मागून निर्णय मागे घ्यावा लागला. लाखो प्रेक्षक पाठीशी असलेल्या चॅनलची ही गत. आपल्याकडच्या वीस हजार सबस्क्रायबरवाल्या पोरासाठी कोण उसळणार आहे?

ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलचं प्रकरण झालं. नवा पिक्सेल मोबाईल फुकट देण्याच्या एका कार्यक्रमात इन्फ्लुएन्सरांना जी अट मान्य करायची होती तिचा अर्थ असा, की पिक्सेलपेक्षा दुसऱ्या कंपनीचा मोबाईल तुम्हाला जास्त आवडतो असं दिसलं तर आपला संबंध संपला. बोभाटा झाल्यावर गूगलनं अट चुकल्याचं मान्य करून ती काढली. म्हणजे जे एरवी न बोलता चालतं, ते कुणीतरी घाईत लिहून टाकलं होतं, इतकंच.

आणि हे फक्त गोऱ्यांच्या देशात घडतं असं समजू नका. २०१२ मध्ये बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनाला सॅमसंगनं भारतातून ब्लॉगर नेले होते. तिथं गेल्यावर त्यांना कंपनीचा गणवेश घालून स्टॉलवर उभं राहून मोबाईल दाखवायला सांगितलं गेलं. दोघांनी नकार दिला, तर परतीच्या तिकिटावरून अडवणूक झाल्याची त्यांची तक्रार होती. शेवटी त्यांची सोय केली प्रतिस्पर्धी नोकियानं. सॅमसंगनं नंतर हा गैरसमज असल्याचं सांगून खेद व्यक्त केला. गैरसमज असेलही. पण फुकटच्या तिकिटावर गेलेल्या माणसाकडं कंपनी कोणत्या नजरेनं बघते, ते त्या गणवेशानं पुरतं दाखवून दिलं.

आता कायदा. जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे आस्कीनं, इन्फ्लुएन्सरांसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू केले. पैसे, भेटवस्तू, काहीही घेतलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार फसव्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरातीत शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत बंदीही येऊ शकते, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं सोप्या शब्दांत आणखी खुलासा केला : व्हिडिओ असेल तर बोलूनही सांगा आणि दाखवूनही, हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका, आणि ज्या भाषेत शिफारस करता त्याच भाषेत सांगा.

हा शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. त्याच भाषेत. आपल्याकडचे किती व्हिडिओ आहेत, जिथं दहा मिनिटं अस्सल गावरान मराठीत मोबाईलचं कौतुक चालतं आणि पैसे घेतल्याचा एकच शब्द खाली, 'आणखी वाचा' दाबल्यावर, बारीक इंग्रजीत असतो? विकताना मराठी आणि कबूल करताना इंग्रजी. ज्या काकांना तो मोबाईल घ्यायचाय त्यांना तो शब्द दिसणार नाही, दिसला तर कळणार नाही. ही फसवणूकच आहे. दुसरं नाव मला सुचत नाही.

"अहो, एक मोबाईल ठेवून घेतला तर काय झालं, पैसे कुठं घेतले?" या प्रश्नाचं उत्तर प्राप्तिकर खात्यानं केव्हाच दिलंय. १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागू झालं. त्याच्या खुलाशात स्पष्ट लिहिलं होतं की इन्फ्लुएन्सरला दिलेली वस्तू वापरून परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ आहे आणि वर्षाला वीस हजारांच्या वर गेला तर दहा टक्के टीडीएस कापायचा. सरकारच्या वहीत ती कमाई आहे. मग प्रेक्षकासमोरच ती 'प्रेमाची भेट' कशी होते?

आता समोरची बाजू, कारण ती खोटी नाही. "घर कसं चालवायचं? प्रेक्षक एक रुपया देत नाही. दर महिन्याला चार मोबाईल विकत घेणं परवडतं का? आणि तुमचे पेपर काय जाहिरातीशिवाय चालतात?"

नाही चालत. मी याच धंद्यात आहे, मला कुणी शिकवू नये. तालुक्याच्या पेपरला वाढदिवसाच्या आणि श्रद्धांजलीच्या जाहिराती नसतील तर छपाईचं बिल निघत नाही. पण जाहिरात चौकटीत असते, तिच्यावर 'जाहिरात' लिहायचं असतं आणि बातमी चौकटीबाहेर असते. ही चौकट मोडली की काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलंय. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापून आली. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं, पुढं २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीनं त्यावर सविस्तर अहवाल दिला. तेव्हापासून 'पेड न्यूज' हा शब्द पारावरच्या म्हाताऱ्यालाही माहीत झाला. आजही खरी बातमी छापली तरी लोक विचारतात, "किती घेतले?" पेपरवाल्यांनी गमावलेला विश्वास व्हिडिओवाल्यांकडं गेला होता. तोही ते त्याच वाटेनं घालवायला निघालेत, हे माझं दुखणं आहे.

जाहिरात घ्या, जरूर घ्या. चहाची घ्या, गादीची घ्या, क्लासेसची घ्या. पण ज्याच्या मालाचं माप करताय, त्याच्याकडून मापाचे पैसे घेऊ नका. मोंढ्यात आडत्याचाच काटा आणि त्याचाच माणूस वजनाला असला, तर शेतकरी आधी काट्याकडं बघतो, मग मालाकडं. तो वेडा नाही. कंपनीच्या पैशानं व्हिडिओ करायचाच असेल तर करा, पण त्याला रिव्ह्यू म्हणू नका. जाहिरात म्हणा.

आणि असं चालू शकतं का? अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून चालतंय. तपासायची वस्तू गिऱ्हाइकासारखी विकत घ्यायची, कंपनीची जाहिरात घ्यायची नाही आणि वाचकांच्या वर्गणीवर जगायचं. आपल्याकडं चार-पाच मराठी चॅनलवाल्यांनी मिळून एक मोबाईल घेतला, महिनाभर आळीपाळीनं वापरला आणि मग विकला, तर प्रत्येकाच्या वाट्याला तूट किती येईल? थोडीच. व्हिडिओ पहिल्या दिवशी येणार नाही, हे खरं. पण महिनाभर वापरल्यावर जे कळतं ते पहिल्या दिवशी कळतच नाही. मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलवर नकाशा लावला की मोबाईल किती तापतो? शेतात एकच काडी रेंज असताना फोन लागतो का? स्क्रीन फुटली तर सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर? पुण्यातल्या एसी खोलीत चार दिवस वापरलेल्या फुकटच्या मोबाईलवर या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत.

उलटा आरोपही होतो, की वाईट रिव्ह्यू देऊन तुम्ही लोकांच्या कंपन्या बुडवता. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मार्केस ब्राउनली या रिव्ह्यूवाल्यानं ह्युमेन कंपनीच्या एआय पिनला आपण पाहिलेली सर्वात वाईट वस्तू म्हटलं, तेव्हा नव्या कंपनीशी असं वागणं शोभत नाही म्हणून त्याच्यावर टीका झाली. वस्तूची किंमत होती ६९९ डॉलर, वर महिन्याचं शुल्क वेगळं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीनं आपला बराचसा कारभार एचपीला विकला आणि महिनाअखेर ती पिन बंद पडली. ज्यांनी रिव्ह्यू ऐकून घेतली नाही, त्यांचे पैसे वाचले. रिव्ह्यूवाल्याचं काम एवढंच आहे.

म्हणून आपल्या भागातल्या चॅनलवाल्या पोरांना माझं सांगणं आहे, आणि त्यातले बरेच मला दादा म्हणतात म्हणून हक्कानं सांगतो. पहिल्याच मिनिटात मराठीत सांगा : मोबाईल कुणी दिला, परत केला की ठेवला, पैसे घेतले का, किती दिवस वापरला. व्हिडिओ टाकायच्या आधी कंपनीला दाखवला असेल तर तेही सांगा. एवढं सांगून सबस्क्रायबर कमी झाले तर होऊ द्या. जे राहतील ते तुमचे असतील.

आणि आपण बघणाऱ्यांनी काय करायचं? व्हिडिओखाली एक प्रश्न मराठीत विचारायचा : "हा मोबाईल तुम्ही विकत घेतलाय का?" उत्तर आलं तर चांगलंच. कमेंटच उडवली, तर तेही उत्तरच आहे. आणि जो खरं सांगतो, त्याला महिन्याला पन्नास रुपये द्यायची वेळ आली तर मागं सरू नका. फुकटचा सल्ला अठरा हजाराला पडतो.

या दिवाळीत मोबाईल घ्यायच्या आधी घरातल्या पोरांना ही पोस्ट वाचून दाखवा. ज्यांना माझं म्हणणं चूक वाटतं त्यांनी खाली लिहा. कमेंट उडवणार नाही.