बॅकअप झाला म्हणता? मग फाईल परत आणून दाखवा!

खांब, कोलाड, नागोठणे पट्ट्यात धंदा करायचा म्हणजे पावसाळ्यात वीज जाणार, नेट लटकणार, हे धरूनच चालायचं. अशात तुमचं बॅकअप सॉफ्टवेअर नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर 'वर्षाचे पैसे भरलेत' म्हणून त्याला चिकटून बसू नका. बदला! हिरवी टिक दिसली म्हणजे बॅकअप नव्हे. फाईल परत मिळाली तरच तो बॅकअप.

पण जुनं लगेच काढू नका. महिनाभर दोन्ही चालवा. नव्यातून टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा, उघडा, मागच्या महिन्याची बिलं जुळवा. मगच जुनं बंद करा. जुन्या प्रती मात्र जपा. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात.

आणि एक प्रत दुकानाबाहेर हवीच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात छपरं उडाली. संगणक आणि शेजारची हार्डडिस्क एकदम भिजली, तर उरलं काय?

आजच एक फाईल परत आणून बघा. नाही आली, तर निर्णय झालाच!