मुलें परसांत खेळतात तेव्हां

उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या वरोऱ्याच्या घरीं नातवंडांचा मेळा जमला, कीं त्यांचा सारा वेळ सांदवाडींत जातो. घरामागच्या परसाला इकडे सांदवाडी म्हणतात. गेल्या वर्षीं भातुकलीच्या पंगतींत पांच वर्षांच्या नातीनें 'बदाम' म्हणून वाढलेला पदार्थ पाहून आमच्या छातींत धस्स झालें. तो बिट्टीचा, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचा, फोडलेला गर होता! सुदैवानें अद्याप कोणीं तोंडांत घातला नव्हता. त्यांतील विषानें हृदयाचे ठोके बिघडतात. मुलांच्या जिवाला तर थोडाही गर घातक.

झाड काढण्याचा विषय निघतांच वन्संनीं डोळ्याला पदर लाविला. तें सासूबाईंच्या हातचें. शंकराला रोज त्याचींच फुलें. दोन दिवस घरांत अबोला होता. अखेर वन्संनींच गडी बोलाविला, आणि त्या जागीं आतां पारिजातक आहे. कुंपणाचा मोगली एरंडही तेव्हांच उपटला. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलें खातात, आणि मग वांत्या व जुलाब यांनीं बेजार होतात.

विंचू-सापांचें भय आमच्या मुलखाला नवें नाहीं. बाबा आमटे व साधनाताई १९५१ सालीं वरोऱ्याजवळच्या ज्या खडकाळ, झुडपी माळावर आनंदवन वसवावयास गेलीं, तेथें हेच मूळचे रहिवासी. विकास व प्रकाश हीं त्यांचीं दोन्ही बालकें त्याच माळावर वाढलीं. तेव्हां मुलांना घरांत कोंडण्यापेक्षां विंचवाचें बिऱ्हाड हलवावें, हें बरें. सरपण, गोवऱ्या, उरलेल्या विटा यांचा ढीग आम्हीं खेळाच्या जागेपासून दूर नेला. चेंडू तिकडे गेला, तर तो काठी घेऊन मोठ्या माणसानेंच आणावयाचा. धान्य सांडूं देत नाहीं. उंदरामागें साप येतो. मण्यार रात्रीं फिरते आणि तिचा दंश पुष्कळदां जाणवतही नाहीं. म्हणून अंगणांत निजणाऱ्या मुलांना खाट व खोंचलेली मच्छरदाणी हवीच. (कूलरसाठीं भरलेली बादलीही उघडी ठेवूं नये, रांगतें मूल वीतभर पाण्यांतही बुडतें.)

इतकें करूनही दंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये. जखम कापूं नये, घट्ट दोरी बांधूं नये; अवयव हलूं न देतां मुलाला उचलून तडक सरकारी रुग्णालयांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर एकच प्रतिविष चालतें, त्यामुळें साप मारून सोबत नेण्याची गरज नाहीं. विंचवाच्या विषावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीं दाखवून दिला, तेव्हांपासून कित्येक बालकें वांचलीं आहेत. मूल लहान, तितकें विष अंगांत अधिक भिनतें. 'थोडें थांबून पाहूं' असें वडील मंडळींपैकीं कोणीं म्हटलें, तरी त्या वेळीं त्यांचें ऐकूं नये.

यंदा नात पुन्हां येणार आहे. तिच्या पंगतीसाठीं वन्संनीं चिंचोके जमवून ठेविले आहेत.