ढगात जाणारे विमान आपले असावे

खांब हे रोहे तालुक्यातील, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. जुलै महिन्यात तेथे उभे राहिले की समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीकडे सरकताना दिसतात आणि शेताचे बांध पाहता पाहता पावसात दिसेनासे होतात. हेच वारे घाट ओलांडून सोलापूरकडे जातात तेव्हा त्यांच्यातील बरेचसे पाणी कोकणात व घाटमाथ्यावर पडून गेलेले असते. सोलापूरवर ढग येत नाहीत असे नाही. येतात, आणि पुष्कळदा न बरसताच पुढे जातात. असे का, हे समजायला त्या ढगांत थेंब किती, केवढे, आणि त्यांच्या पोटात धूलिकण कसले, ते मोजावे लागते. जमिनीवरून हे पुरते कळत नाही. ढगातच जावे लागते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ साली ‘कैपीक्स’ हा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यासाठी ‘पाइपर शायेन’ नावाचे परदेशी विमान उपकरणे बसवून वापरले. मूळ हे विमान कारखानदारांना कामासाठी गावोगाव नेण्याकरिता बनविलेले, सात-आठ जणांचे, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे.

पंखा दिसला की विमान जुनाट, असे अनेक विद्यार्थ्यांना (आणि काही शिक्षकांनाही!) वाटते. तसे नाही. विमानाला पुढे जाण्यासाठी हवा मागे ढकलावी लागते. मिळणारा जोर हवेचे वस्तुमान आणि तिला दिलेला वेग यांच्या गुणाकारावर ठरतो. पण खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. म्हणजे दुप्पट हवा निम्म्या वेगाने ढकलली तर जोर तितकाच मिळतो आणि ऊर्जा निम्मी लागते. वहीत आकडे मांडून पाहा. मोठा पंखा पुष्कळ हवा सावकाश ढकलतो, म्हणून मध्यम वेगाला तो झोतयंत्रापेक्षा काटकसरीचा ठरतो.

टर्बोप्रॉपमध्ये हा पंखा पिस्टनऐवजी टर्बाइन फिरवते. या वर्गातील सर्वांत नावाजलेले इंजिन कॅनडात तयार झालेले ‘पीटी-६’. त्यात दोन टर्बाइन्स असतात आणि त्यांना जोडणारा दांडा नसतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू करा. दुसराही फिरू लागेल. पहिली टर्बाइन मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे घेते, तिच्यातून निघालेले तप्त वायू दुसरीला फिरवतात आणि दंतचक्रे तो वेग विमानाच्या पंख्याला मानवेल इतका, सुमारे दोन हजार फेऱ्यांवर आणतात. हेच इंजिन जोडीने बसविलेले ‘बीचक्राफ्ट किंग एअर’ १९६४ साली अमेरिकेत उडाले. आत हवेचा दाब राखणारी केबिन, एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर उतरण्याची सोय, आणि आखूड धावपट्टीवर भागणारे काम. धंदेवाल्यांना हवे होते ते हेच. ढगांच्या अभ्यासकालाही नेमके हेच हवे असते; शिवाय ढगातून फार वेगाने जाऊन त्याचे भागत नाही.

आता माझे मत. ज्या २००९ सालात शायेन पुण्यात आले, त्याच वर्षी ६ मार्चला बंगळूरजवळ बिडदी येथे ‘सारस’ कोसळले. सारस म्हणजे राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने रचलेले भारतीय बनावटीचे, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे चौदा आसनी विमान. ते २९ मे २००४ रोजी प्रथम उडाले होते. उड्डाणात एक इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी चालू असताना दुसरा नमुना पडला आणि हवाई दलाचे तिघे अधिकारी गेले. त्यानंतर काम थंडावले. सुधारलेला नमुना उडाला तो थेट जानेवारी २०१८ मध्ये. अपघाताची कारणे शोधण्यात वर्षे जावीत, हे मला मान्य आहे. पण कामच गुंडाळून ठेवण्यात गेलेली वर्षे मला मान्य नाहीत. तिघांनी प्राण देऊन जे शिकविले, ते वापरायला इतका उशीर का व्हावा?

कोणी म्हणेल, वर्षातून चार महिने लागणारे विमान भाड्याने आणलेले काय वाईट? हिशेबाच्या वहीत हे पटते. परंतु ढग करार पाहून येत नाहीत. विमान येऊन, उपकरणे बसून, परवानग्या मिळेपर्यंत चांगले ढग निघून गेले तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते. सोलापूरला २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत बीजारोपणाचा प्रयोग झाला. निवडलेले ढग होते २७६ आणि सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर पावसात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. हा आकडा इतर जिल्ह्यांत, इतर वर्षी टिकतो का, हे पाहायला पुनःपुन्हा उडावे लागेल. आणि उडणाऱ्याला, मोजणाऱ्याला सरावही हवा. भाड्याचे विमान गेले की सराव त्याच्याबरोबर जातो.

सारसच्या नव्या आराखड्यात एकोणीस आसने आहेत. त्यांतील एक विमान पुण्याच्या संस्थेला द्यावे, दहा-बारा आसने काढून तेथे उपकरणे बसवावीत, आणि पहिले उड्डाण खांबवरून घाट ओलांडून सोलापूरपर्यंत, एकाच दिवसात, ढगांच्या मागोमाग करावे.