जवळची वाट

मागच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलाने मला आपली भूगोलाची वही दाखवली. तिच्यात हरिश्चंद्रगडाचा समोच्च रेषांचा नकाशा चिकटवलेला होता. पाचनई गावाकडून गडावर जाणारी वाट त्याने निळ्या पेन्सिलीने रंगवली होती आणि तोलार खिंडीतून येणारी वाट लाल पेन्सिलीने. या दोन्ही वाटा गडावरच्या देवळापाशी एकत्र येतात. पण एवढा वळसा त्याला नको होता. लाल वाटेच्या मध्यावर फुटपट्टी ठेवून त्याने निळ्या वाटेपर्यंत सरळ रेघ मारली होती. "सर, इथून उतरलो तर दोन तास वाचतील," तो म्हणाला.

या हिवाळ्यात आमची सहल तिकडेच जाणार आहे. त्यामुळे ती रेघ नुसती वहीतली राहिली नव्हती. खोलीत बसलेले एकदोन शिक्षक लगेच म्हणाले, "वाट सोडायची नाही म्हणजे नाही. विषय संपला." मला मात्र हे पूर्ण पटत नाही. आज जी मळलेली वाट आहे, तीही कधीकाळी कोणा गुराख्याने काढलेली जवळची वाटच असेल. शिवाय शिक्षकांनी नाही म्हटले म्हणून मुलांच्या मनातली रेघ पुसली जात नाही. ती मनातच राहते आणि डोंगरावर, पाय थकल्यावर, शिक्षक पुढे गेलेले असताना बाहेर येते. तिथे ठरवलेली जवळची वाट सगळ्यांत वाईट. हे मी अनुभवावरून सांगतो.

बी.एड. करत असताना आम्ही पाच मित्र डिसेंबरात याच गडावर गेलो होतो. खिरेश्वरहून निघालो, तोलार खिंड ओलांडली, रेलिंग लावलेला कातळाचा टप्पा चढलो. तिथून पुढे पठारावर एक टेकडी संपली की दुसरी येते. देऊळ काही दिसेना. दुपारचे चार वाजले होते. उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, खाली शेते आणि घरे दिसत होती. कोणीतरी म्हणाले, "देऊळ राहू द्या, सरळ त्या गावात उतरू." कोणीतरी म्हणजे मीच. आम्ही वाट सोडली.

अर्ध्या तासात कड्याच्या काठावर पोचलो. मग एक कोरडा ओढा सापडला. वाट चुकली तर पाण्याच्या मागाने खाली जावे, असे आम्ही ऐकले होते. त्या ओढ्यात एक पुरुषभर उंचीची पायरी आली. आमच्यातला एक जण तिच्यावरून घसरत खाली उतरला. पुढे जाऊन पाहतो तर ओढा सरळ हवेत संपलेला. पावसाळ्यात तिथे धबधबा पडत असणार. आता त्याला परत वर येता येईना. कातळ गुळगुळीत, हाताला धरायला काही नाही. चादरींना गाठी मारून त्याला वर घेईपर्यंत तासभर गेला आणि अंधार पडला. रात्र आम्ही झाडाखाली कुडकुडत काढली. गावातले दिवे रात्रभर आमच्या पायांखाली दिसत होते. एवढे जवळ, की कुत्र्यांचे भुंकणेही ऐकू येत होते.

सकाळी आल्या पावली परत फिरलो, वाट सापडली, देवळाजवळून पाचनईत उतरलो. तिथे एका आजोबांनी चहा दिला. आमची हकीगत ऐकून ते म्हणाले, "पाव्हणं, खाली गाव दिसतंय म्हंजी वाट हाय असं नसतंय."

आजोबांच्या या वाक्याचे कारण सह्याद्रीच्या दगडात आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार झाले आणि टणक थरांचे उभे कडे राहिले. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात तेही स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरूनच. आता अशा डोंगरावर दोन वाटा असल्या, तर पुष्कळदा त्यांच्या मध्ये एक कातळाची भिंत आडवी धावत असते, कधी कधी मैलभर. ती जिथे फुटलेली असते तिथे नाळ किंवा घळ असते आणि जुनी वाट नेमकी तिथूनच जाते. वाटेचा वळसा हा वाट काढणाऱ्याचा आळस नव्हे. पाचनईची वाटही अशीच कड्याच्या पोटाशी बरेच अंतर आडवी जाते आणि मग ओढ्याच्या बाजूने वर येते.

आणि पाण्याच्या मागाने उतरण्याचा सल्ला! तो कोणत्या देशातला आहे कोण जाणे. पाण्याला कड्यावरून उडी मारता येते, आपल्याला येत नाही. सह्याद्रीत अनोळखी ओढ्याने खाली उतरू नये. जी पायरी परत चढता येणार नाही, तिच्यावरून खाली उडी घेऊ नये.

मुलाच्या वहीकडे परत येऊ. मी त्याला त्याच्याच नकाशावरच्या समोच्च रेषा मोजायला सांगितल्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० या प्रमाणाच्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचे अंतर असते. त्याच्या रेघेखाली एका ठिकाणी या रेषा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. "म्हणजे कडा," तो स्वतःच म्हणाला. पण मला त्याच्या पुढचे सांगायचे होते. जिथे रेषा मोकळ्या आहेत तिथेही १५ मीटरांचा सरळ कडा लपू शकतो, कारण तो दोन रेषांच्या मध्येच बसतो. नकाशा खोटे बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही. मोबाइलवर दिसणाऱ्या उपग्रहाच्या चित्राचेही तसेच आहे. वरून पाहिलेला कडा नुसत्या सावलीसारखा दिसतो. आणि डोंगराच्या आड मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

मग वेळेचा हिशोब केला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला. आजच्या मापात तो असा : सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास धरावा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवावा. समजा, वाटेने ४ किलोमीटर चालायचे आहे आणि ३०० मीटर चढ आहे. म्हणजे ४८ मिनिटे आणि ३० मिनिटे, एकूण ७८. जवळची वाट समजा फक्त दीड किलोमीटर आहे. पण तिथे कारवीचे रान आहे, काट्यांची जाळी आहे, वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो, त्याखालचा मुरूम घसरतो. तिथे तासाला एक किलोमीटर झाले तरी खूप. म्हणजे ९० मिनिटे लागली. "सर, मग वाचले काय?" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्गात हशा पिकला. वहीवाल्या मुलाचे तोंड उतरले, ते मला आवडले नाही. त्याची रेघ चुकीची होती, पण रेघ मारून ती दाखवायला आणणे मुळीच चुकीचे नव्हते.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट होते. पावसाळ्यातले धुके नसते, हवा स्वच्छ असते, लांबचे जवळ दिसते आणि माणसाला धीर येतो. पण दिवस लहान असतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, कड्याच्या सावलीत त्याच्या आधीच अंधारून येते, आणि रात्री पठारावर चांगलीच थंडी पडते. दिशेचीही फसगत होते. तुम्ही 'मगरिब' हा शब्द पश्चिमेसाठीही वापरता आणि सूर्यास्तासाठीही. पण डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य ठीक पश्चिमेला मावळत नाही, तिच्या सुमारे २५ अंश दक्षिणेकडे मावळतो. त्याला पश्चिम समजून एक किलोमीटर चाललात, तर चारशे मीटरांहून अधिक बाजूला जाल. तुमच्यापैकी काहींच्या घरी किब्ला पाहण्यासाठी होकायंत्र असते. तेच खिशात घ्या, पण आधी शाळेच्या मैदानावर ते वापरून पाहा.

वाट हा शब्दही नीट समजून घ्या. गाडी जाते तो रस्ता. हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. माणसाच्या पायांनी पडते ती पायवाट, म्हणजे तुमची पगडंडी. आणि गुरांच्या पायांनी पडते ती ढोरवाट. डोंगरावर सर्वांत जास्त फसवते ती हीच, कारण ती दिसते अगदी पायवाटेसारखी, पण गुरांना गावाला जायचे नसते, गवताला जायचे असते.

तर मग जवळची वाट कधीच काढू नये का? काढावी. घरी, टेबलावर, आठवडाभर आधी. रेघ सरळ नको, समोच्च रेषा बघून वळणारी हवी. चढताना काढलेली बरी, कारण चढताना अडलो तर परत उतरता येते. कोणत्या वेळी मागे फिरायचे ते घड्याळातले आकडे आधीच लिहून ठेवावे आणि मग तिथे वाद घालू नये. निम्मी मंडळी दमली असतील तर बेत रद्द. आपण कुठून जाणार हे खालच्या गावात सांगून ठेवावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, तिथे आरडाओरडा आणि धूर नको. शिवाय हा सारा भाग अभयारण्यात येतो. तिथे मनाला येईल तसे रानात शिरता येत नाही, वनखात्याला विचारावे लागते. माझ्या मते एवढे सगळे केल्यावर दहांपैकी आठ रेघा कागदावरच पुसल्या जातील. उरलेल्या दोन रेघा पायांखाली घालायला मला आनंदच वाटेल.

त्या मुलाने परवा नवी रेघ आणून दाखवली. ही देवळाच्या अलीकडे एका सौम्य उतारावरून ओढ्याकडे वळते, जेमतेम अर्धा किलोमीटर. खाली त्याने वेळही लिहिली आहे : "दुपारी १ नंतर नाही." ओढ्याला त्या दिवसांत पाणी असते का, हे त्याने मला विचारले. मला सांगता आले नाही. जानेवारीत जायचे ठरले आहे. पाचनईत पोचल्यावर आधी गावातल्या जाणत्या माणसाला आणि वनखात्याच्या माणसाला ही रेघ दाखवायची. त्यांच्यापैकी एकानेही नको म्हटले, तर निळ्या वाटेनेच जायचे.