विवाहवेदीवर विधिकारक कोण असावा?



चातुर्मास संपतो, कार्तिकी पौर्णिमा उलटते आणि आपल्या घराघरांतून लग्नाच्या याद्या निघू लागतात. वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद येथील बाजारांत कापसाची आवकही याच सुमारास वाढलेली असते. त्यामुळे कुटुंबप्रमुखास पेढी आणि मांडव या दोन्ही आघाड्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. मंगल कार्यालय सहा महिने आधी ठरते. आचारी, सजावटकार आणि छायाचित्रकार यांच्याशी तीन-तीन बैठका होतात. ज्याच्या मुखातून दोन जीवांना जोडणारे मंत्र उमटायचे, त्या विधिकारकाची आठवण मात्र अखेरच्या पंधरवड्यात येते आणि तीही “कोणीतरी मिळेलच” अशा भरवशावर. कापसाची गाडी दारात आली तर धागा ओढून पाहिल्याशिवाय भाव न बोलणारे आपण, इथे इतके निष्काळजी कसे होतो?

गेल्या उन्हाळ्यात आप्तांकडील एका विवाहास उपस्थित होतो. सूत्रसंचालक ध्वनिक्षेपकावर विनोद सांगत होता, छायाचित्रकार वधूवरांना हात पुन्हा हातात घ्यावयास लावत होता आणि विधिकारक बिचारे त्या गलबल्यात घाईघाईने पोथीची पाने उलटत होते. महिनाभराने ती नववधू माहेरी आली असता तिने मला विचारले, “काका, त्या चार फेऱ्यांत मी नेमके काय कबूल केले?” घरात आम्ही सात-आठ वडीलधारे होतो. एकालाही नीट उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून आजचा हा लेख.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपले साधू-साध्वी विवाह लावत नाहीत. ते मांगलिक ऐकवतात, धर्मलाभ देतात. पण संसाराचा आरंभ करून देणे हे त्यांच्या महाव्रतांत बसत नाही. त्यामुळे जैन परंपरेत विवाहविधी चालविण्याचे काम पूर्वापार गृहस्थाश्रमातील जाणकारांकडे राहिले आहे. असा विधी आपल्याकडे नाहीच, हा समजही खरा नव्हे. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात गर्भान्वय क्रिया म्हणून जे 53 संस्कार सांगितले आहेत, त्यांत विवाहक्रिया आहे. श्वेतांबर परंपरेत वर्धमानसूरींनी विक्रम संवत 1468 मध्ये रचलेल्या आचारदिनकर ग्रंथात गृहस्थाचे सोळा संस्कार विस्ताराने आले असून विवाह त्यांपैकीच एक आहे.

आपल्याच शेजारचे कारंजा हे भट्टारकांच्या गाद्यांचे आणि हस्तलिखितांच्या भांडारांचे ठिकाण. यवतमाळहून दारव्ह्यामार्गे तिकडे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेतून आपल्या मागील पिढ्यांनी दर्शनास प्रवास केला. एवढा वारसा हाकेच्या अंतरावर असताना आपण विधीविषयी अनभिज्ञ राहावे, हे शोभणारे नाही.

प्रत्यक्षात आज आपल्यापुढे तीन-चार मार्ग आहेत. अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे ब्राह्मण गुरुजी येतात. त्यांचा आणि आपला स्नेह जुना आहे आणि तो तोडावा असे मी मुळीच सुचवीत नाही. काही ठिकाणी मंदिरातील पंडितजी अथवा विधिकारक जैन पद्धतीने विवाह लावतात. तेरापंथ समाजात अखिल भारतीय तेरापंथ युवक परिषदेने ‘जैन संस्कार विधी’ प्रचारात आणला असून त्यासाठी प्रशिक्षित गृहस्थ संस्कारक तयार केले आहेत. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने तर मंत्रांचा अर्थ मराठीतून समजावून सांगणारे पुरोहित घडविले आणि त्यांत स्त्रियाही आहेत. आपल्या पाठशाळांत वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या भगिनींनी हा अभ्यास केला, तर त्यांनी विवाहवेदीवर का बसू नये, याचाही विचार समाजाने करावा.

विधी कोणी व कोणत्या भाषेत चालवावा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 25 डिसेंबर 1873 रोजी महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना पहिला विवाह लावला. त्या पद्धतीत वधूवरांनी एकमेकांना द्यावयाची वचने मराठीतच होती. त्यांचा मार्ग आपण स्वीकारावा वा न स्वीकारावा. परंतु बोलणाऱ्याला स्वतःच्या शब्दांचा अर्थ कळला पाहिजे, हा आग्रह आपल्यालाही मान्य व्हावा.

हा विषय केवळ भावनेचा नाही. त्याला कायद्याचीही बाजू आहे. 1955 चा हिंदू विवाह कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम 7 नुसार वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीने विवाह होऊ शकतो. त्या विधीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. म्हणजे ज्या घराण्यात चार फेऱ्यांची रूढी आहे, तिथे चारच फेरे पुरेसे आहेत. वधूपक्षाचे सात आणि वरपक्षाचे चार, यावरून मांडवातच कुजबुज सुरू झाल्याचे प्रसंग आपण पाहिले आहेत. दोन्ही घरांच्या वडिलधाऱ्यांनी विधिकारकासमवेत आधी बसून एक पद्धत ठरविली, तर हा तिढा उद्भवत नाही.

दुसरीकडे, विधी वगळून केवळ समारंभ करणेही धोक्याचे आहे. 19 एप्रिल 2024 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की विधिवत संस्कार न होता केवळ प्रमाणपत्र मिळविल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. विवाह म्हणजे नाचगाणे आणि मेजवानीचा कार्यक्रम नव्हे, असेही न्यायालयाने बजावले. आपल्या राज्यात विवाहनोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांसह विधी लावणाऱ्याचीही सही लागते. तेव्हा तो कोण आहे, कुठे राहतो आणि नोंदणीच्या वेळी उपलब्ध होईल काय, हे आधीच विचारून ठेवावे.

विधिकारक निवडताना काय पाहावे? माझ्या मते चार गोष्टी. पहिली, तो विवाहापूर्वी निदान एकदा वधूवरांना सोबत बसवून प्रत्येक वचनाचा अर्थ सांगण्यास तयार आहे काय? धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या पुरुषार्थांशी चार फेऱ्यांची सांगड घालण्याचा प्रघात आहे. तो अर्थ फेऱ्यांआधी कळला, तरच पाऊल समजून पडेल. दुसरी, विधीस किती वेळ लागेल आणि सूर्यास्तापूर्वी तो व भोजन दोन्ही आटोपतील काय? रात्रिभोजनत्यागाचा नियम आमंत्रणपत्रिकेवर छापायचा आणि मांडवात मोडायचा, ही विसंगती विधिकारकाच्या शिस्तीनेच टळते. तिसरी, फुले, पाणी आणि अग्नी यांचा वापर विवेकाने, कमीत कमी हिंसा होईल असा करण्याची दृष्टी त्याला आहे काय? चौथी, ‘आता ध्वनिक्षेपक बंद, छायाचित्रे नंतर’ असे नम्रपणे पण ठामपणे सांगण्याचे धैर्य त्याच्यापाशी आहे काय?

आजच्या मुलामुलींना विधीत स्वतःचे काही असावे असे वाटते. त्यात वावगे नाही. नवकार मंत्र आजीने म्हणावा, वचने मारवाडी, गुजराती किंवा मराठीत वाचावीत, आईवडिलांविषयी कृतज्ञतेचे दोन शब्द वधूवरांनी स्वतः बोलावेत. अशाने विधी अधिक आपला होतो. मात्र मूळ संस्कार गाळून त्या जागी चित्रपटातील संवाद येऊ लागले, तर तो आपलेपणा नव्हे. ही मर्यादा जाणणारा माणूस म्हणजे चांगला विधिकारक.

दक्षिणेविषयी एकच विनंती. दोन तासांत कोमेजणाऱ्या सजावटीवर लाखो रुपये खर्च करणाऱ्याने विधिकारकाशी घासाघीस करू नये. मोबदला आधी ठरवावा आणि सन्मानाने द्यावा.

त्या नववधूच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे जाणकारांकडून समजून घेतले. एका रविवारी ती व जावई दोघे आमच्या घरी बसले आणि आम्ही चारही फेऱ्यांचा अर्थ एकत्र वाचला. वाचून झाल्यावर जावई म्हणाले, “हे आधी कळले असते, तर त्या दिवशी मी कॅमेऱ्याकडे पाहिलेच नसते.” यंदा ज्यांच्या घरी मंगलकार्य आहे, त्यांनी हे वाचन विवाहानंतर नव्हे, विवाहापूर्वी घडवावे, एवढीच विनंती.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.